डोंगरापर्यंतची हवा

मोरा बंदरातून सुटलेली लाँच भाऊच्या धक्क्याच्या वाटेला लागली की उत्तरेला घारापुरी दिसते. हवा चांगली असेल तर पूर्वेला न्हावा-शेव्याच्या क्रेनांपलीकडे कर्नाळ्याचा सुळका आणि त्याच्याही मागे माथेरानचा सपाट माथा दिसतो. मोऱ्यापासून ढोबळमानाने 5, 20 आणि 35 किलोमीटर. पाऊस माघारी गेल्यावर ऑक्टोबरात काही दिवस तिन्ही स्वच्छ दिसतात. डिसेंबरात मात्र माथेरान कित्येक सकाळी दिसतच नाही.

थंडीत रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वर उबदार थर राहतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे धूर-धूळ वर जाऊ शकत नाही, आणि पहाटेचा मतलई वारा ती समुद्राकडे लोटतो. ती धुऊन काढणाऱ्या सरीही आता नसतात.

हाराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1924 मध्ये हवेत दृश्य पुसट होण्याचं गणित मांडलं : दूरच्या गडद वस्तूचा आकाशाशी असलेला उठाव अंतरागणिक घातांकी वेगाने घटतो. दृश्यमानता 30 किलोमीटर असेल तर घारापुरीचा निम्मा उठाव शिल्लक राहतो, कर्नाळ्याचा सुमारे 7 टक्के, माथेरानचा जेमतेम 1 टक्का. दृश्यमानता 10 किलोमीटरवर आली की घारापुरीचाही 14 टक्केच उरतो. फोटोतल्या एवढ्याशा उठावातून सॉफ्टवेअर डोंगर ओढून काढू पाहतं तेव्हा सोबत दाणेदार खरखरही वर येते.

डोंगरावरची निळाईसुद्धा मधल्या हवेचीच. हवेचे रेणू लाल प्रकाशापेक्षा निळा चौपटीहून अधिक विखुरतात. धुळीचे मोठे कण मात्र सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून हिवाळी धुरकं पांढरट दिसतं. ध्रुवण फिल्टर निळ्या धुरक्यावर चांगला चालतो, विशेषतः सूर्याशी काटकोनात. पांढऱ्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तरी डिसेंबरची सकाळ सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. सूर्य पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला उगवतो, डोंगर प्रकाशाविरुद्ध येतात आणि प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा एक छटा फिकी होते. अंतर असं उघड ऑक्टोबरच्या लख्ख हवेत दिसत नाही. कातळाचे तपशील हवे असतील तर दुपारी चारनंतर जावं. तोवर खारा वारा स्थिरावलेला असतो, धुरकं पातळ झालेलं असतं, आणि पश्चिमेचं तिरपं ऊन बेसॉल्टच्या आडव्या थरांवर थेट पडतं. थरांमधल्या पट्ट्यांवरचं गवत एव्हाना पिवळं पडलेलं असतं, त्यामुळे एकेक थर वेगळा मोजता येतो. त्यासाठी लांब लेन्स आणि ट्रायपॉड धक्क्यावरच लावावा. लाँचवर इंजिनाची थरथर तो तपशील पुसून टाकते.