प्लांटवरचा सतरा सप्टेंबर

गेटच्या आत मिक्सरगाड्यांची रांग लागली आहे. रांग रोजचीच, पण आज ड्रम थांबलेत. आरशांना झेंडूच्या माळा, बंपरला केळीचे खुंट, पुढच्या चाकाखाली लिंबू. चालक बादल्या घेऊन टायर धुताहेत. रात्री पाऊस पडून गेलाय. अंगणातला सिमेंटचा करडा चिखल बुटाला धरतो आणि सोडत नाही. सकाळचे आठ वाजायचेत आणि ऊन चढलंय. हैदराबादचा सप्टेंबर असाच असतो. सदरा एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही.

कोकापेटच्या पुढं, आउटर रिंग रोडच्या कडेनं आत वळलं की असे काँक्रीटचे प्लांट दिसू लागतात. १५८ किलोमीटरचा हा रस्ता शहराला वळसा घालतो. त्याच्या पश्चिम अंगाला चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास मजल्यांचे टॉवर उभे राहताहेत. इथून त्यांच्या क्रेन दिसतात. त्या टॉवरांच्या पोटातला माल अशाच अंगणांतून जातो.

आज १७ सप्टेंबर, विश्वकर्मा जयंती. बिहार-झारखंडकडची पोरं पहाटेपासून मांडवात राबताहेत. तेलुगू कामगारांची हत्यारं दसऱ्याला पुजली जातात, आपली खंडेनवमीला. पण प्लांटवर सगळ्यांचा विश्वकर्मा आजचाच. दिवसभर मशीन बंद. पूजा, मग येत्या सहा महिन्यांच्या कामाची ठरवाठरव, मग सत्कार, मग जेवण. घरच्यांनाही बोलावलंय. नवी साडी नेसलेल्या बायका चिखलातून पाय उचलून चालताहेत. एका चालकाची चिमुरडी केबिनमध्ये चढून बसली आहे आणि हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही.

तिचा बाप देगलूरचा. मी मराठी बोलतोय हे ऐकून तो बादली खाली ठेवतो.

"आज गावाकडं झेंडावंदन राहतंय बगा, भाऊ. ल्हानपणी प्रभातफेरी काढायचो आम्ही. इथं नारळ फोडायचा."

मराठवाड्याच्या माणसाला ही तारीख दोनदा येते. १९४८ साली याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा या शहराच्या अमलाखाली होते, आणि पुढं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिले. राजधानी बदलली, पण पोटासाठी इकडं येण्याची वाट मोडली नाही. प्लांटवर देगलूर आहे, उदगीर आहे, बिलोली आहे. आपसात मराठी, वरिष्ठांशी दखनी हिंदी, गेटवर तेलुगू. एका वाक्यात तिन्ही भाषा आल्या तरी कुणी अडत नाही.

मी यार्डाकडं वळतो. खडीचे ढीग कप्प्याकप्प्यांत पडलेत, २० मिलिमीटर वेगळी, १० वेगळी. आपल्याकडची खडी काळी, बेसॉल्टची. ही करडी, मधूनच गुलाबी झाक मारणारी. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. पलीकडच्या कप्प्यात रोबो सँड, म्हणजे याच जातीचा दगड फोडून केलेली कच. नदीच्या वाळूची जागा आता तिनं घेतली आहे. लोडरच्या बकेटला हळदीकुंकू लागलंय. सिमेंटच्या सायलोच्या शिडीला माळ बांधायला एक हेल्पर वर चढतोय. खालून सुपरवायझर ओरडतो, आणि तो थांबून कमरेच्या पट्ट्याचा हूक शिडीला अडकवतो. मग पुढची पायरी.

बॅचर म्हणजे मालाचं वजन-मिश्रण चालवणारा. त्याची केबिन चार माणसं मावतील एवढी. आत एसी, त्यामुळे ज्याला त्याला तिथं काही ना काही काम निघतं. काचेतून मिक्सर दिसतो, पडद्यावर आकडे. एक घनमीटर माल साधारण २४०० किलोंचा. सिमेंटच्या वजनात २ टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही. खडी, वाळू, पाणी आणि रसायन यांत ३ टक्के. म्हणजे ३५० किलो सिमेंट मागितलं तर सात किलो इकडं किंवा तिकडं, त्यापलीकडं नाही. ढगाळ दिवशी वाळू ओली असते. तिच्यातलं पाणी वजा केलं नाही तर माल पातळ होतो. बॅचरनं पुढच्या सहामाहीचं आपलं उद्दिष्ट कागदावर लिहून ठेवलंय. तो मला वाचून दाखवतो: पाऊस पडेल त्या दिवशी वाळूचा ओलावा एकदा नव्हे, दर दोन तासांनी तपासायचा. बस, एवढंच. त्याच्या कागदावर घनमीटर नाहीत. ते मला आवडतं. ऑर्डर किती येणार हे त्याच्या हातात नाही. वाळूचा ओलावा आहे.

सुट्टी सगळ्या प्लांटला असली तरी लॅब चालू आहे. २० ऑगस्टला ओतलेले काँक्रीटचे चाचणी-क्यूब आज २८ दिवसांचे झालेत. ते आजच फुटायला हवेत, पूजा असो नसो. वरंगलकडची एक तरुण इंजिनिअर टाकीतून क्यूब काढते. टाकीतलं पाणी २७ अंशांच्या आसपास राखलेलं. क्यूबची बाजू १५० मिलिमीटर. ती तो पुसते, वजन करते, मशीनमध्ये बसवते आणि जाळीचं दार लावते. काटा चढू लागतो. आम्ही दोघं गप्प. एम-३० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन. या एवढ्याशा ठोकळ्यानं ६७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६९ टनांचा भार पेलायला हवा. काटा ६७५ ओलांडतो. सातशे. आठशे. मग कोरडा कडाका होतो, कडेचे टवके उडतात आणि काटा मागं येतो. ती आकडा लिहिते आणि दुसरा क्यूब उचलते. मांडवातून घंटेचा आवाज येतोय. तिला पोचायला अजून वेळ आहे.

पूजा आटोपलीय. पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठे पंखे, तरी हवा हलत नाही. माणसं हातातल्या कागदांनीच वारा घेताहेत. समोर फळा. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत १७०. हे १ एप्रिलपासूनचे विनाअपघाताचे दिवस. बाकी फळ्यावर मागच्या सहामाहीची उद्दिष्टं तीन लिप्यांत लिहिलेली. चालकांसाठी एकच ओळ आहे: गाडीमागं फेऱ्या किती. त्यावरच बोलणं तापतं.

एक वयस्कर चालक उभा राहतो. साइटवर पंप तुंबला, तर गाडी तिथं उभी राहते. स्लॅबची सळई बांधून झाली नसेल, तरी गाडी उभी. तास जातो, दीड तास जातो. फेरी बुडते ती चालकाच्या खात्यात. त्याहून वाईट म्हणजे माल. पाणी पडल्यापासून दोन तासांत ड्रम रिकामा व्हायला हवा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. माल घट्ट होऊ लागला की साइटवरचा कुणीतरी म्हणतो, पाणी मार. चालकाला फेरी गाठायची असते. पाइप हाताशी असतो.

तो पुढं काही बोलत नाही. बोलायची गरज नसते. पाणी मारल्यानं ताकद उतरते हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्लांटप्रमुख मध्ये न बोलता ऐकून घेतात. मग फडक्यानं ती ओळ पुसतात. नव्या तीन ओळी लिहिल्या जातात. गेट सोडल्यापासून साइटवर पोचेपर्यंतचा वेळ चालकाचा. पोचल्यानंतरच्या ताटकळण्याचा वेळ चालानवर वेगळा नोंदवायचा आणि साइटच्या माणसाची सही घ्यायची. पाणी मारायचं नाही, माल घट्ट वाटला तर लॅबला फोन. आणि तिसरी ओळ: परत आल्या आल्या ड्रम धुवायचा.

ही तिसरी ओळ वरवर साधी आहे. ती कुणासाठी आहे हे बघायला मी शेडच्या मागं जातो. तिथं एक गाडी बाजूला उभी आहे, तिच्या ड्रमच्या पोटावरची झडप उघडी. ड्रमच्या आत पोलादी पाती असतात. धुणं राहिलं की त्यांवर माल धरतो, थरावर थर चढतो, दगड होतो. मग माणसाला आत उतरावं लागतं. ब्रेकर घेऊन, गुडघ्यांवर, वाकून. त्याला चिपिंग म्हणतात. इंजिनची किल्ली काढून आत जाणाऱ्याच्या खिशात द्यायची, झडपेशी पंखा लावायचा, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवायचा, असे नियम आहेत. मी पत्र्याला तळवा लावतो आणि चटक्यानं मागं घेतो. आत ब्रेकर चालला की आवाज त्या लोखंडात कोंडतो. दगडाची बारीक धूळ उडते, आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. चालकानं दहा मिनिटं पाणी फिरवलं, तर या माणसाचे आतले तास वाचतात. एकाचं उद्दिष्ट दुसऱ्याच्या श्वासाशी बांधलेलं आहे. कामाची उद्दिष्टं ठरवायचीच असतील तर ती अशी ठरावीत, असं मला मनापासून वाटतं.

मी परत येतो तोवर सत्कार सुरू झालाय. यादी एकच आहे. पगारपत्रकावरचे आणि ठेकेदाराकडचे अशी फाळणी तिच्यात नाही, आणि शेडमध्ये ते सगळ्यांच्या लक्षात आलंय. बॅचरला शाल, लोडरच्या चालकाला शाल, स्वयंपाकघरातल्या मावशींना शाल आणि कुकर. मग चिपिंगवाल्या दोघांची नावं पुकारली जातात. ते पलामूकडचे आहेत. मागच्या रांगेत बसलेले असतात. पहिल्यांदा नाव ऐकून ते एकमेकांकडं बघतात, कुणी हाक मारली असं वाटून. मग टाळ्या वाजतात, जोरात, थांबत नाहीत. चालकांची रांग उभी राहिली आहे. दोघं पुढं येतात. धाकटा शाल खांद्यावर टाकून घेतो आणि फोटोसाठी हेल्मेट काढू का, असं खुणेनं विचारतो. नको, राहू दे, असं चालकच खालून ओरडतात.

जेवणाची रांग मिक्सरगाड्यांच्या रांगेइतकी लांब. बगारा राइस, दुधीचा दालचा, डबल का मीठा. ऊन पत्र्यावरून खाली उतरलंय. माणसं सायलोच्या सावलीत बसून जेवताहेत. सावली सरकते तशी ताटं सरकतात. देगलूरकर मला वाढून घ्यायला लावतो. "घ्या की अजून. रात्रभर थांबणार हाय म्हणलाव नव्हं?"

रात्री राफ्ट, म्हणजे इमारतीच्या पायाचा सलग स्लॅब, ओतायचा आहे. शहराच्या आतली साइट, दिवसा अवजड गाड्यांना बंदी, म्हणून दहानंतर. ५४० घनमीटर माल जायचाय. एका गाडीत सहा, म्हणजे ९० फेऱ्या. गाड्या १८, म्हणजे प्रत्येकी पाच. प्लांट तासाला ६० घनमीटर काढत राहिला तर सकाळी सातला शेवटचा ड्रम भरेल. मध्ये खंड पडून चालत नाही. आधीचा थर आवळला की नवा त्याच्याशी एकजीव होत नाही.

संध्याकाळी बायकामुलं रिक्षांतून परततात. चिमुरडी झोपेत बापाच्या खांद्यावरून आईच्या खांद्यावर जाते. दिवे लागतात. दहाला पट्टा सुरू होतो, खडी वर चढू लागते आणि सकाळपासून गप्प असलेलं अंगण एकदम गरजू लागतं. आता बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. पहिली गाडी मिक्सरखाली मागं येते. माळा अजून आरशावर आहेत. बॅचर मघाचा ओलाव्याचा आकडा पुसून नवा भरतो. माल धडाधडा ड्रममध्ये पडतो, धूळ वर येते, झेंडू करडा होतो.

पुढं लॅबची इंजिनिअर उभी आहे. सुळक्यासारखा पत्र्याचा कोन, ३०० मिलिमीटर उंच. त्यात थराथरानं माल, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे. कोन उचलते, माल किती बसला ते पट्टीनं मोजते, मान डोलावते. चालान छापून येतं. त्यावर पाणी पडल्याची वेळ आहे, आणि खाली पेननं आखलेला नवा रकाना: साइटवर थांबण्याची वेळ, सही. देगलूरकर चालान वाचतो, तो रकाना बोटानं दाबून बघतो, खिशात ठेवतो. ड्रम सावकाश फिरू लागतो. गाडी गेटबाहेर पडते. मागची पुढं सरकते.

इंजिनिअर वहीत रात्रीचा हिशेब मांडतेय. ५४० घनमीटरना मानकाप्रमाणं किमान १४ नमुने, नमुन्याला तीन क्यूब, म्हणजे ४२ साचे. साच्यांना तेल लावून ते ओळीनं मांडलेत. ती खडूनं तारखा टाकते. बाराच्या आधी भरलेले १५ ऑक्टोबरला फुटतील, बारानंतरचे १६ ला. पुढचा ड्रम भरत आलाय. ती पाटी उचलते आणि तिकडं निघते.