ज्ञानकोशाचे राखणदार : ग्रंथपाल

दक्षिण अमेरिकेच्या जंगलात कोआटी नावाचा एक लांब नाकाचा, लांब शेपटीचा प्राणी राहतो. हा रकूनचा नातलग. इंटरनेटवर विकिपीडिया नावाचा ज्ञानकोश आहे. त्यातील कोआटीवरील लेखात २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून भर घातली, की या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेही म्हणतात. वास्तविक आर्डव्हार्क हा आफ्रिकेतला अगदी वेगळा प्राणी! पण ते नाव तसेच राहिले. काही वर्तमानपत्रांनी ते उचलले. मग ज्ञानकोशातल्या त्या वाक्याला आधार म्हणून एका वर्तमानपत्राचाच दाखला जोडण्यात आला! चोराला चोराचीच साक्ष, असा हा प्रकार. तो २०१४ साली जगापुढे आला.

असे का घडते?

डॉ. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ किंवा वाईहून निघालेला ‘मराठी विश्वकोश’ घ्या. त्यांतील प्रत्येक नोंद संपादकांच्या नजरेखालून गेलेली आहे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाची तऱ्हा निराळी. तेथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. मग खरेखोटे ठरवायचे कसे? त्यासाठी एक नियम आहे : जे लिहाल, त्याला विश्वसनीय छापील अथवा प्रकाशित आधार द्या. आधार नसलेल्या वाक्यापुढे वाचक ‘संदर्भ हवा’ अशी खूण करू शकतो.

आता तुम्हीच सांगा, आधार शोधण्यात सर्वांत तरबेज कोण? अर्थात ग्रंथपाल!

ग्रंथपालांची शाळा

हे ओळखून अमेरिकेतील ओ.सी.एल.सी. या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने २०१७ साली एक उपक्रम हाती घेतला. सार्वजनिक ग्रंथालयांतील सुमारे तीनशे कर्मचाऱ्यांना इंटरनेटवरून कित्येक आठवडे मोफत शिक्षण देण्यात आले. लेखाचा दर्जा कसा पारखावा, संदर्भ कसा जोडावा, लेखामागील चर्चा आणि बदलांचा इतिहास कसा वाचावा, हे ते शिकले. गावकऱ्यांना एकत्र बसवून लेख सुधारण्याचे मेळावे कसे भरवावेत, हाही शिक्षणाचा भाग होता.

गावकरी कशाला, असे तुम्ही विचाराल. लहान गावातला जुना पूल, गिरणी, शाळा यांची माहिती मोठ्या ग्रंथांत क्वचितच सापडते. ती असते स्थानिक ग्रंथालयातील जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत आणि नकाशांत. गावकऱ्यांना ठाऊक असते काय शोधायचे. ग्रंथपालाला ठाऊक असते कोठे शोधायचे. दोघे एकत्र आले, म्हणजे गावाची नोंद पुराव्यानिशी जगापुढे येते. मात्र आजोबांनी सांगितलेली आठवण कितीही खरी असली, तरी ती कोठे तरी प्रसिद्ध झाल्यावाचून पुरावा ठरत नाही. ही या पद्धतीची मर्यादाच म्हणावी लागेल. ज्या गावांविषयी, ज्या समाजांविषयी कोणी छापलेच नाही, ते ज्ञानकोशातूनही गळतात!

२०१६ सालच्या जानेवारीत ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ ही मोहीमही सुरू झाली. प्रत्येक ग्रंथपालाने निदान एका वाक्याला आधार जोडावा, एवढीच तिची मागणी. थेंबे थेंबे तळे साचे!

करून पाहा

मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. त्यात आपल्या तालुक्यावरचा लेख उघडा. आधार नसलेले एक वाक्य निवडा. मग शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात जा आणि त्या वाक्याला दुजोरा देणारे पुस्तक शोधा. लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ वहीत टिपून घ्या. पुस्तक वाक्याच्या विरुद्ध बोलत असेल, तर अधिकच उत्तम. दुसरे पुस्तक उघडून पडताळा पाहा. मग शिक्षकांच्या मदतीने तो संदर्भ लेखात जोडा.

शंका घेणे, पुरावा शोधणे आणि तो सर्वांसमोर मांडणे, यालाच तर आपण वैज्ञानिक पद्धती म्हणतो. ती शिकण्यासाठी प्रत्येक वेळी परीक्षानळी लागतेच असे नाही; कधी कधी ग्रंथालयाचे कपाटही पुरते.