जमिनीखालचं काम आणि जमिनीवरची झोप

हक्कांची चर्चा आपण बहुधा पुस्तकातून करतो. आज ती जरा रस्त्यावर करू या.

रस्ता न फोडता जमिनीखालून मोठे पाइप टाकायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. तिला मायक्रोटनेलिंग म्हणतात. एका टोकाला विहिरीसारखा खोल खड्डा घ्यायचा, म्हणजे शाफ्ट, आणि दुसरा दुसऱ्या टोकाला. पहिल्यातून यंत्र आत सोडायचं आणि त्यामागे जॅकने एकेक पाइप पुढे ढकलत न्यायचा. मधला रस्ता शाबूत राहतो. लोकांना वाटतं, खोदाई नाही म्हणजे त्रास नाही. पण पंप, जनरेटर, क्रेन, चिखल नेणारे डंपर हे सगळं शाफ्टपाशीच येतं. जो त्रास रस्ताभर वाटला गेला असता, तो चार इमारतींच्या दारात गोळा होतो.

आता कायदा बघा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामयंत्रं चालवायची नाहीत. मग दिवसा करा, असं आपण सहज म्हणतो. पण अनेक शहरांत दिवसाच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. एक नियम रात्र काढून घेतो, दुसरा दिवसाचा मोठा भाग.

त्यात मातीचाही स्वभाव आहे. पाइप ढकलणं मध्येच थांबवलं, तर भोवतीची माती त्याला आवळून धरते. पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, कधी पाइप अडकतोच. म्हणजे घड्याळात दहा वाजले म्हणून प्रत्येक काम बंद करता येत नाही.

मुंबईत मेट्रो ३ च्या वेळी हाच पेच न्यायालयात गेला. ते काम वेगळं, बोगद्याचं. प्रश्न मात्र तोच. २०१७ साली उच्च न्यायालयाने कफ परेड भागात रात्रीचं काम थांबवलं आणि २०१८ मध्ये अटी घालून परवानगी दिली.

उपयुक्ततावादी म्हणेल, बेरीज करा: लाखोंची सोय एकीकडे, चार इमारतींची झोप दुसरीकडे. कांट विचारेल, त्या चार इमारतींतली माणसं केवळ तुमच्या सोयीचं साधन आहेत का? मला वाटतं, उत्तराची सुरुवात नियोजनाच्या कागदावर होते. आधी कामाचे दोन भाग करा: जे थांबू शकतं आणि जे थांबू शकत नाही. पाइप उतरवणं, तोडफोड, साहित्य आणणं, हे थांबू शकतं. ते दिवसा, परवानगीच्या तासांत बसवा. चिखल साठवायला टाकी मोठी ठेवा, म्हणजे डंपर रात्री बोलवावा लागणार नाही. जे थांबू शकत नाही, त्याची लांबी अशी ठरवा की ते शक्यतो दिवसाच्या पाळीत संपेल. आणि शाफ्टची जागा नकाशावर ठरवतानाच रुग्णालय कुठे, शाळा कुठे, परीक्षा कधी, हे पाहा. शाफ्ट एकदा खणला की तो सरकवता येत नाही.

तरीही काही रात्री आवाज होणारच. तेव्हा परवानगी घ्या, आवाज अडवणारे पडदे लावा, आणि तारीख-वेळ आधी घरोघर कळवा. पूर्वसूचनेने डेसिबल कमी होत नाहीत, हे खरं. पण ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला त्या रात्रीपुरती दुसरी सोय करता येते. न सांगता काम सुरू केलं की त्याचा तेवढा पर्यायही आपण काढून घेतो. अन्याय आवाजापेक्षा तिथे जास्त आहे.

तुमच्या भागात असं काम निघालं तर 'कधी संपणार?' हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, 'यातलं थांबू शकणारं काम कोणतं?'