वर्ण : निमगोरा

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. आज तेथील सोसायट्यांत खराडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारे अनेक तरुण राहतात, आणि त्यांची स्थळे पाहण्याची सुरुवात बहुधा व्हॉट्सॲपवर आलेल्या बायोडेटाने होते. त्यात रास, नाडी, गोत्र, उंची यांच्या जोडीला ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द त्यात भरला जातो. फोटो आधी पोहोचतो, मग मुलगा-मुलगी फोनवर बोलतात, आणि कांदेपोह्यांचा कार्यक्रम त्यानंतर ठरतो.

हाच क्रम मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात होता. अनोळखी तरुण-तरुणींना त्यांनी फोनवर बोलायला लावले. त्याआधी प्रत्येक तरुणाला एक फोटो दिला, काहींना देखण्या मुलीचा आणि काहींना तशा नसलेल्या मुलीचा, मात्र तो फोटो पलीकडे बोलणाऱ्या मुलीचा नव्हताच आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. पुढे तिचा एकटीचा आवाज ध्वनिमुद्रणावरून त्रयस्थ श्रोत्यांना ऐकवला, तेव्हा जिला देखणी समजून तरुण बोलला होता ती त्यांना अधिक मनमोकळी आणि लाघवी वाटली. तरुणाच्या बोलण्यात जो जिव्हाळा आला त्याला तिने तसाच प्रतिसाद दिला, आणि त्यामुळे फोटोवरून बांधलेली अटकळ खरी ठरली. मानसशास्त्रात याला स्वयंपूर्ती भाकीत म्हणतात, म्हणजे अपेक्षेनुसार वागल्यामुळेच खरी होणारी अपेक्षा. फोनवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात एवढे घडत असेल, तर वीस वर्षांच्या वाढीत किती घडत असेल, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

तरीही रूपावरून स्वभाव ओळखता येतो, असे म्हणणे चूक आहे. ॲलन फाइनगोल्ड यांनी १९९२ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा इतरांनी देखणे ठरवलेले लोक चारचौघांत थोडे अधिक सहज वावरतात आणि त्यांना एकाकीपणा थोडा कमी जाणवतो, असे काही फरक दिसले. बुद्धी आणि स्वभावाच्या बहुतेक गुणांशी रूपाचा संबंध नगण्य होता. मात्र आपण देखणे आहोत असे ज्यांना स्वतःला वाटत होते, त्यांच्यात आत्मसन्मानासारखे गुण अधिक आढळले. म्हणून घरात काय बोलले जाते, याला महत्त्व येते. उन्हात खेळू नकोस, काळी पडशील, असे सातव्या वर्षापासून ऐकणारी मुलगी आरशाआधी घरच्यांच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला शिकते.

‘फेअर अँड लव्हली’ हे १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमचे नाव २०२० साली बदलले आणि त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. बायोडेटातला रकाना मात्र अजून आहे, आणि मुलीच्या सावळ्या रंगापुढे ‘निमगोरा’ हा शब्द पुष्कळदा तिची आईच, काळजीपोटी, लिहिते.