चामड्याची गोष्ट (भाग ४) : वेतोबाच्या वहाणा आणि नेपल्सचे हातमोजे

कच्चं कातडं कुजतं आणि कमावलेलं टिकतं, हे मागच्या भागात पाहिलं. पण कमावलेल्या कातड्यातूनच एकीकडे चपलेचा ताठ तळ आणि दुसरीकडे बोटांवर चपखल बसणारा हातमोजा कसा निघतो?

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्याथोरल्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्यात वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. झिजेला पुरून उरायचं तर तळ टणक हवा. ती विद्या घाटावर कोल्हापुरीच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. जुन्या पद्धतीत म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात आणि आत बाभळीची साल व हिरड्याचं पाणी भरतात. खाली गळलेलं पाणी पुन्हा वरून ओततात. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंत मुरायला आठवडे लागतात, पण कातडं भरीव आणि ताठ होतं. मग तळ कुटून दाबायचा आणि कातड्याच्याच वादीने शिवायचा. खिळ्याचं काम नाही.

इटलीत नेपल्स हे हातमोज्यांचं जुनं गाव. तिथलं गणित उलटं. मोज्याला कोकराचं कातडं लागतं, जाडी जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. ते बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावतात, त्यामुळे ते मऊ आणि लवचिक राहतं. खरी कसोटी कापणाऱ्याची. तो कातडं किंचित ओलं करून टेबलाच्या कडेवर ओढतो, लांबीचा ताण आधीच काढून टाकतो आणि रुंदीचा राखतो. म्हणून मूठ वळली की मोजा रुंदीत सैलावतो, बोटं मात्र लांबत नाहीत. मोटार चालवायच्या मोज्यात बोटांच्या सांध्यांवर भोकं आणि मनगटाशी बटण असतं. शिवण पुष्कळदा बाहेरून घालतात, म्हणजे ती आत बोटांना टोचत नाही. जुन्या मोटारी उघड्या आणि स्टिअरिंगचं चाक लाकडी, त्यामुळे थंडीत गारठलेला आणि उन्हात घामेजलेला हात निसटायचा. मोजा आला तो या गरजेतून. आज तो मुख्यतः हौसेचा.

हौसेला इटलीत दाम मिळतो, आपल्याकडे गरजेच्या वस्तूलाही घासाघीस होते. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, त्या मूळ कारागिरांचं नाव न घेता. ओरड झाली, मग कंपनीने मूळ मान्य केलं. कसबात दोन्हीकडचे हात तोडीस तोड आहेत. फरक पडतो तो नाव सांगण्यात आणि दाम मागण्यात.

मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत हातमोजे कोणी घालणार नाही, पण चामड्याची चप्पल घरोघर असते. पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरेल. ओली झाली तर सावलीत वाळवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. आणि पुढची जोडी घेताना कारागिराशी घासाघीस करू नका.