न दुखणाऱ्या हाताची काळजी





चार वर्षांपूर्वी जव्हारच्या पलीकडे एका पाड्यावर आम्ही प्रार्थनेला गेलो होतो. घरची मावशी चुलीवर नाचणीच्या भाकरी भाजत होती. तापलेले पातेले तिने फडक्याशिवाय उचलले आणि सावकाश खाली ठेवले. "मावशी, हात भाजत नाही का?" मी विचारले. "नाय भाऊ, मला काय नाय होत," ती हसून म्हणाली. मीही हसलो. पुढच्या रविवारी उपदेशात तिच्या कष्टाळू हातांचे कौतुकही केले. आज ते आठवले की मान खाली जाते. त्या हातांनी मला सांगितलेली गोष्ट मला कळलीच नव्हती.

ज्यांना ती कळली अशा एका डॉक्टरांविषयी आज लिहितो. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. त्यांचे आईवडील तेथील आदिवासी लोकांमध्ये मिशनरी होते. त्या डोंगरात हिवतापाची भीती एवढी की सपाटीवरचे लोक तिकडे जायला धजत नसत. पॉल नऊ वर्षांचे असताना शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. 1929 मध्ये वडील डोंगरातच तापाने वारले. पॉल यांची आई एव्हलिन मात्र सेवा सोडून गेली नाही. 1974 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी ती देवाघरी गेली, तोपर्यंत डोंगरातले लोक हेच तिचे कुटुंब होते.

डॉक्टर होण्याआधी पॉल काही वर्षे सुतारकाम व बांधकाम शिकले. हे शिक्षण वाया गेले असे कोणालाही वाटले असते. पण देव काही वाया घालवत नाही. पुढे लंडनमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन ते 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चिंगलपेट येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले असता एका रुग्णाला त्यांनी आपला हात दाबायला सांगितला. त्याची बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वाकलेली होती. पकड अगदी दुबळी असेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात ती इतकी घट्ट होती की डॉक्टरांनाच कळ आली. म्हणजे हाताची सारी ताकद गेलेली नव्हती. काही स्नायू शाबूत होते.

हे समजण्यासाठी हाताची रचना थोडी पाहू. आपल्या एका हातात 27 हाडे असतात. बोटांमध्ये मात्र स्नायू नसतात. बोटे हलवणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहातात असतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या दोऱ्यांनी ते बोटांना जोडलेले असतात. या दोऱ्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात. स्नायूंना हुकूम पोहोचवतात त्या नसा. कुष्ठरोगाचे जंतू कोपराजवळची नस बिघडवतात, तेव्हा तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकते. डॉ. ब्रँड निरोगी स्नायूची दोरी काढून ती लुळ्या पडलेल्या स्नायूच्या जागी जोडत. मग रुग्णाला महिनोन्महिने व्यायाम करून ते बोट उघडायला नव्याने शिकावे लागे. बरे झालेल्यांसाठी वेल्लोरला एक छोटी वसाहत उभी राहिली. तेथे डॉक्टरांची सुतारकी कामाला आली. रुग्ण लाकडाची कामे शिकून पोट भरू लागले.

तरीही दुरुस्त झालेल्या हातांवर पुन्हा जखमा दिसू लागल्या. मांस आपोआप झडते, असे तेव्हा अनेकांना वाटे. एकदा एक गंजलेले कुलूप डॉक्टरांना उघडेना. एका लहान रुग्णाने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होते. किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताच नव्हता! मग एकेका जखमेचा शोध सुरू झाला. कोणी गरम भांडे धरले होते, कोणाच्या हातात हत्याराचा दांडा रुतला होता. झोपेत उंदरांनी बोटे कुरतडल्याचेही आढळले, म्हणून रुग्णांना मांजरे पाळायला दिली. मांस झडत नव्हते, वेदनेची राखण उठली होती. म्हणूनच वेदना ही देवाची देणगी आहे, असे हे डॉक्टर आयुष्यभर सांगत राहिले. 2003 मध्ये ते प्रभूकडे गेले.

आता आपल्या हातांकडे येऊ. हातांची बहुतेक दुखणी कुष्ठरोगाची नसतात. मी स्वतः मोटारसायकलवर पाडे फिरतो. मध्यंतरी रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन मला जाग येई. हात झटकला की बरे वाटे. मनगटातून जाणारी नस दबते, तेव्हा असे होते. डॉक्टरांनी रात्री मनगटाला पट्टा बांधायला दिला आणि बराच आराम पडला. बोट मिटल्यावर अडकते आणि कट् करून उघडते, ते दोरीच्या वाटेवर सूज आल्यामुळे. पिळे पिळून किंवा कुऱ्हाड चालवून कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, ते स्नायूवर ताण पडल्यामुळे. ही दुखणी त्रास देतात. पण ती बोलून दाखवतात. विश्रांती, पट्टा, व्यायाम यांनी बहुधा कमी होतात.

पण पुढील गोष्टींत थांबू नका:

• फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही.
• करंगळीकडची बाजू बधिर होणे, बोटे वाकू लागणे, हातातून वस्तू पडणे.
• भाजल्याचे किंवा कापल्याचे व्रण आहेत, पण "दुखले नाही" असे उत्तर मिळते.
• हाड मोडल्यावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या आहेत, बोटे गार किंवा बधिर पडली आहेत, ती सरळ करताना असह्य कळ येते. अशा वेळी बांधलेले लगेच सैल करून रुग्णालय गाठा. काही तासांत हात कायमचा निकामी होऊ शकतो.

कुष्ठरोगाची तपासणी व औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. औषध सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती लवकरच संपते. त्याला घराबाहेर काढण्याचे काही कारण नाही. बधिरपणा येऊन सहा महिने झाले नसतील, तर उपचाराने नस सुधारण्याची आशा चांगली असते.

हे सहा महिने माझ्या मनात रुतून बसले आहेत. मावशीला आम्ही आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात नेले ते वर्षभरानंतर, तिची दोन बोटे वाकल्यावर. औषध पूर्ण झाले, रोग बरा झाला. पण हातातली जाणीव परत आली नाही. त्या पहिल्या दिवशी मी कौतुक करण्याऐवजी तिचा हात हातात घेऊन पाहिला असता तर?

वाळलेल्या हाताच्या मनुष्याला प्रभूने सभास्थानात सर्वांसमोर मध्ये उभे केले. आणि कुष्ठरोग्याला त्याने स्पर्श केला. आधी पाहिले, मग बरे केले. आता आमचे सेवक घरभेटीला जातात तेव्हा प्रार्थनेआधी हात पाहतात. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात. यासाठी पैसा लागत नाही. शंका आली की आरोग्य केंद्र.

मावशी आता भांडे फडक्याने धरते आणि रोज रात्री दिव्याजवळ हात उलटसुलट करून पाहते. जे हाताला कळत नाही ते डोळ्यांनी पाहायला ती शिकली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि आपल्या मंडळीत, शेजारी, घरी काम करायला येणाऱ्या ताईच्या हाताकडेही एकदा नीट पाहा.