चाकापासून वर – भाग ७ : चार बोटांचा हिशेब

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज जातील एवढी जागा असते आणि ती अनेकांच्या डोळ्यांत खुपते. सेकंडहँड स्विफ्ट घेतली, सीटकव्हर झालं, टेप बसला, की पुढची मागणी ठरलेली : गाडी खाली घ्यायची. ही हौस मला मुळीच गैर वाटत नाही. गाडीवर जीव असणाऱ्यालाच असं काही सुचतं. पण कमी पैशात ही हौस पुरवण्याचा जो मार्ग उमरग्यापासून सोलापूरपर्यंत सर्रास सांगितला जातो, तो म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकणे. आजचा भाग त्यासाठीच लिहितो आहे.

चार बोटांची ही जागा कंपनीने चाक वर उचललं जाण्यासाठी ठेवलेली असते. आकडे गाडीगणिक बदलतात, पण हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण धरू. रिकाम्या गाडीचं मागचं चाक रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत ९० मिलिमीटर वर जाऊ शकतं आणि मागच्या दोन स्प्रिंगा मिळून दर मिलिमीटरला ४ किलो पेलतात. आता मागच्या सीटवर तिघं बसली, डिकीत सामान पडलं, कुटुंब तुळजापूरला निघालं. मागच्या एक्सलवर २०० किलो वाढले. स्प्रिंगा ५० मिलिमीटर दबल्या, शिल्लक राहिले ४०. खड्डा आला, तर एवढ्यातच तो पचवायचा.

सहा वेढ्यांतला एक कापला, की उरलेली स्प्रिंग कडक होते. सहाऐवजी पाच वेढे, म्हणजे सुमारे २० टक्के. त्यामुळे त्याच २०० किलोंनी ती ५० ऐवजी ४२ मिलिमीटर दबेल. आठ मिलिमीटर वाचले. पण वेढा कापल्यामुळे गाडी आधीच, समजा, ३५ मिलिमीटर खाली बसली आहे. नव्वदातून पस्तीस आणि बेचाळीस वजा करा. उरतात तेरा. म्हणजे एक बोटही धड नाही. पहिल्याच खड्ड्यात चाक बंप स्टॉपवर आदळणार आणि तो दणका शॉकॉपच्या माउंटिंगला, बॉडीच्या पत्र्याला आणि मागे बसलेल्यांच्या कमरेला बसणार.

आता खालची बाजू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. २०१८ नंतरच्या स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी त्या उंचवट्यावर मावतात आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मिलिमीटरने कमी होते. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स १६३ सांगते. भरलेल्या गाडीचा मधला भाग २५ ने खाली आला असं धरू, म्हणजे १३८. वर ३५ ने खाली घेतली तर १०३. त्यातून ४४ गेले तरी गाडी न घासता पार होते. मापातला गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही आडवा येत नाही.

आडवा येतो तो गावच्या वेशीवरचा, शाळेपुढचा, घरच्या सिमेंटने रातोरात उभारलेला. हातभर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्णच्या पूर्ण येतो. कंपनीच्या उंचीची भरलेली गाडी त्यावरून १८ मिलिमीटर राखून जाते. खाली घेतलेली १७ मिलिमीटरने अडकते. चेंबर फुटला आणि ऑइल सांडलेलं चालवणाऱ्याला कळलं नाही, तर काही मिनिटांत इंजिन जाम. त्याचा खर्च चांगल्या स्प्रिंगांच्या सेटपेक्षा कितीतरी जास्त.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. हंगामात मुरूमच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर लागले, की आतल्या रस्त्यांना चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्या मधला उंचवटा नेमका चेंबरखाली येतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून, पूर्वीच्या ९ आणि आताच्या ६५ नंबरवरून, साइडपट्टीवर उतरावं लागलं, तरी तीच अडचण. म्हणून माझं ठाम मत आहे : उमरग्यात राहून रोज चालवायची कौटुंबिक गाडी २० ते २५ मिलिमीटरपेक्षा खाली घेऊ नये.

तेवढीच घ्यायची, पण गॅसकटर चुकूनही नको. स्प्रिंगचं पोलाद तापवून, थंड करून, पुन्हा नेमक्या उष्णतेवर आणून तयार केलेलं असतं. ज्योत लागली, की त्या जागचा लवचीकपणा जातो. काही वेळा स्प्रिंग बसत जाते, काही वेळा महिन्यांनी तुटते. ग्राइंडरने कापली तर ताव जात नाही हे खरं, पण कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. शिवाय लांबी कमी झाल्यामुळे चाक लोंबकळलं, की स्प्रिंग सैल पडते. हे तपासणं सोपं आहे. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक हवेत लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. ती हलली, खडखडली, तर एखाद्या उंचवट्यावर चाक सुटं झाल्यावर ती वाटीतून निसटू शकते. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

योग्य काम म्हणजे त्या मॉडेलसाठीच, त्या इंजिनासाठीच बनवलेल्या खाली घेण्याच्या स्प्रिंगा. डिझेल इंजिन जड असतं, त्याच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलला चालत नाहीत. पैसे कमी असतील तर आधी शॉकॉप. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेले शॉकॉप नव्या कडक स्प्रिंगांना आवरू शकत नाहीत आणि गाडी उसळत राहते. शॉकॉप आणि स्प्रिंग एकदमच बदलले, तर मजुरी एकदाच लागते. स्ट्रटचं वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्या. दोन्हींचे पैसे एकदम जमत नसतील, तर यंदा फक्त शॉकॉप बदला आणि उंची आहे तशी राहू द्या.

मिस्त्रीला दोन गोष्टी आवर्जून सांगा. स्ट्रटवरची स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते, ती कम्प्रेसर लावल्याशिवाय उघडायची नाही. आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाक हवेत असताना आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही चूक फार होते.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू खाली आली, की तो गाडी भरलेली आहे असं समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होण्याचा धोका इथून येतो. तो व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवून घ्यावाच लागतो.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, पण तेवढ्या भरवशावर राहू नका. आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नुसत्या दिसण्याचाच प्रश्न असेल, तर एक स्वस्त वाट आहे. खालच्या व्हेरिएंटच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर १५. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२ सेंटिमीटर, त्यामुळे मीटर चुकत नाही आणि जमिनीपासूनची उंचीही बदलत नाही. पण डिस्क मोठी आणि टायर रुंद झाल्यामुळे कमान भरल्यासारखी दिसते. कंपनीच्याच वरच्या व्हेरिएंटच्या जुन्या, न वाकलेल्या डिस्का मिळाल्या, तर मी आधी हेच करायला सांगेन.

आणि गाडी खाली घेतलीच, तर त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही जुळवा. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कल, बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बोल्ट तपासा आणि टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका बाजूला गुळगुळीत आणि उलट जाताना धार लागली, तर टो बिघडलेला आहे. अलाइनमेंटवाला देतो त्या चिठ्ठीवर हाच टो अंश आणि मिनिटांत लिहिलेला असतो. ती चिठ्ठी कशी वाचायची, ते पुढच्या आठवड्यात.